रक्त देणाऱ्याला आलेलं पत्र

‘‘पुढे या, सेन्योरा. ओळखपत्र आणलंय ना?’’

शनिवारची सकाळ आहे. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या एका चर्चच्या सभागृहात रक्तदान शिबिर सुरू होतंय. जेवणाची लांब टेबलं भिंतीला सरकवून मधल्या जागेत कॉट मांडले आहेत. एका कोपऱ्यात कापडी पडदे लावून तीन छोट्या खोल्या केल्या आहेत. बाहेर अंगणात दोन बायका तव्यावर पुपुसा भाजताहेत, त्यातल्या चीजचा आणि मक्याच्या पिठाचा वास आत येतोय. मी नोंदणीच्या टेबलावर आहे. नोकरीच्या निमित्ताने शिकलेली स्पॅनिश इथे कामाला येते. आमच्या ओळखीची काही मराठी कुटुंबंही या शिबिराला हातभार लावतात. कुणी खुर्च्या उचलतं, कुणी रक्त देतं.

समोरच्या बाई ओआहाकाच्या आहेत, दक्षिण मेक्सिकोतल्या. वय पन्नाशीच्या आसपास, केसांची घट्ट वेणी. टॅब्लेटवरच्या प्रश्नांची उत्तरं त्या एकेक करून देत आहेत. गेल्या तीन महिन्यांत परदेशी गेलात का? गोंदवून घेतलंत का? कधी कावीळ झाली होती का? मध्येच त्या थांबतात, टॅब्लेट माझ्याकडे वळवतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात.

‘‘हा कसला आजार हो? चागास?’’

आरोग्याच्या प्रश्नांचा खुलासा मी करायचा नाही, असा नियम आहे. मी मुख्य परिचारिकेला हाक मारते. ती फिलिपिनो आहे. स्पॅनिश तिला जुजबी येते, म्हणून ती इंग्रजीत सांगते आणि मी शब्द न शब्द पोचवते. ‘‘तुम्हाला हा आजार आहे, असं कधी कुठल्या डॉक्टरने सांगितलं आहे का? एवढंच विचारलंय.’’

बाई मान हलवतात. नाही. मग आपणहून विचारतात, ‘‘तो भिंतीतला किडा, त्याचाच ना हा आजार? आमच्या गावी रात्री छतातून खाली यायचा.’’

परिचारिका हो म्हणते. बाई ‘नाही’च्या चौकटीवर बोट टेकवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्यांचं उत्तर खोटं नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, कारण कुणी कधी तपासलेलंच नाही. लहानपण कुडाच्या भिंतींच्या घरात गेलं का, रात्री चेहऱ्यावर किडा चावायचा का, असलं काही टॅब्लेट विचारत नाही. विचारलं असतं तरी त्यातून काही ठरलं नसतं. असा किडा लाखोंच्या घरात असतो, आजार त्यातल्या काहींनाच होतो. जगभरात सत्तर लाखांहून जास्त लोकांच्या शरीरात हा परजीवी असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

हा किडा ढेकणाच्याच गणातला, पण बोटाच्या पेराएवढा. मातीच्या भिंतीच्या भेगांत, शाकारलेल्या छपरात, कोंबड्यांच्या खुराड्यात दिवसा दडून बसतो. रात्री माणूस झोपला की उघड्या अंगावर उतरतो, बऱ्याचदा चेहऱ्यावर. रक्त पिता पिताच तिथे विष्ठा टाकतो. परजीवी त्या विष्ठेत असतो. झोपेत माणूस खाजवतो, डोळा चोळतो, आणि परजीवी आत शिरतो. काही दिवस ताप येतो, कधी एका डोळ्याची पापणी सुजते, बऱ्याचदा एवढंही होत नाही. मग सगळं शांत. दहा वर्षं, वीस वर्षं, तीस वर्षं. अशा शंभरातल्या साधारण तिसांचं हृदय पुढे खराब होतं. ठोके चुकतात, हृदय फुगतं. काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं ताणलं जातं. बाकीचे आयुष्यभर ठणठणीत राहतात. ठणठणीत माणूसच रक्त द्यायला येतो, आणि सगळी अडचण इथेच आहे.

* * *

रांगेत आता आपली माणसं दिसताहेत. एक गृहस्थ गेल्याच महिन्यात नाशिकला जाऊन आले आहेत. त्यांना हसतमुखाने परत पाठवलं जातं. मलेरियाच्या प्रदेशातून आल्यावर तीन महिने थांबावं लागतं. ते जरा हिरमुसतात, पण खुर्च्या लावायला थांबतात. त्यांच्यामागे पुण्याचा एक मुलगा आहे. इथल्या विद्यापीठात जीवशास्त्रात संशोधन करतो आणि चार वर्षांत घरी गेलेला नाही. तो माहितीपत्रकाची ओळ न ओळ वाचतोय.

‘‘काकू, आपल्याकडे पाच चाचण्या होतात ना? एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया. इथे चागासही आहे. पण मी पुण्यात वाढलो. माझ्या रक्तात हा परजीवी कुठून येणार? माझी चाचणी कशाला?’’

शंका रास्त आहे. मी ती परिचारिकेकडे सोपवते. ती त्याच्याकडे बघून सांगते, ‘‘जन्म कुठला, आई कुठली, किती वर्षं कुठे राहिलास, असं विचारत बसलं तर कुणीतरी निसटतंच. म्हणून इथे प्रत्येक नव्या दात्याची एकदा चाचणी होते, मग तो पुण्याचा असो की आयोवाचा. एकदा निर्धोक निघाला की पुन्हा करत नाहीत.’’

एकदाच का, याचं कारणही ती सांगते. लागण बहुतेक वेळा लहानपणी, गावी झालेली असते. शहरात येऊन पक्क्या घरात राहणाऱ्याला ती नव्याने होण्याची शक्यता फार थोडी. अमेरिकेतही असे किडे आहेत. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत रानउंदरांच्या बिळांपाशी सापडतात, टेक्ससमध्येही सापडतात, आणि इथल्या इथे लागण झालेले रुग्णही आढळले आहेत. पण त्यांची संख्या कमी. स्पेनने वेगळी वाट धरली. तिथे 2005 सालच्या कायद्याने, चागास आढळणाऱ्या देशांत जन्मलेल्या किंवा त्या देशांतल्या आईच्या पोटी जन्मलेल्या किंवा तिथे राहून आलेल्या दात्यांनाच चाळणी लावतात. स्पेनमध्ये बोलिव्हियातून आलेले लोक मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे तो देश लवकर जागा झाला.

अमेरिकेत ही चाचणी रक्तपेढ्यांत आली ती 2007च्या जानेवारीत. आधीच्या डिसेंबरात तिला मान्यता मिळाली होती. त्याआधीच्या काही महिन्यांत मोठ्या प्रमाणावर पडताळणी झाली, आणि तिच्यात 1,48,969 नमुने तपासले गेले. त्यातले 63 पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह निघाले आणि दुसऱ्या, अधिक खात्रीच्या चाचणीनंतर 32 जणांची लागण पक्की ठरली. म्हणजे साधारण साडेचार हजारांमागे एक. ही पडताळणी जिथे लॅटिन अमेरिकेतून आलेली वस्ती जास्त आहे अशा भागांत झाली होती. पुढे देशभरचे आकडे आले तेव्हा प्रमाण त्याहून बरंच खाली आलं.

मुलगा विचार करतो. मग म्हणतो, ‘‘आपल्याकडेही याच कुळातल्या परजीवीची एक केस झाली होती. चंद्रपूर जिल्ह्यात.’’ त्याला ते आठवतं आणि मलाही. गुराढोरांना सर्रा नावाचा रोग करणारा परजीवी चंद्रपूरच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला होता. 2005 साली ती केस वैद्यकीय जगासमोर आली. माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारं एक प्रथिन असतं. त्या शेतकऱ्याच्या रक्तात तेच कामाचं नव्हतं. औषधाने तो बरा झाला. हा परजीवी चागासचा नव्हे, आणि आपल्याकडच्या रक्तपेढ्यांना चागासची चाचणी लावायचं कारणही नाही. तरी त्या मुलाच्या चेहऱ्यावरची शंका आता गेली आहे. तो बाही वर सरकवतो.

* * *

मी त्याच्याबरोबर कॉटपर्यंत जाते, कारण त्याला सुईची भीती वाटते हे तो आत्ताच कबूल करतोय.

त्याचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून झालेत. तंत्रज्ञ दंडाला पट्टा बांधते, मूठ आवळायला सांगते, शीर चाचपते. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ ती जागा घासून पुसते. सुई जाते. रक्त मोठ्या पिशवीत लगेच जात नाही. नळीला एक फाटा आहे, त्याच्या टोकाला तळहातात मावेल एवढी छोटी पिशवी आहे. पहिली धार तिच्यात उतरते. सुईने कातडीवरचे जंतू आत ओढले असतील तर ते इथेच अडावेत, म्हणून ही सोय. ती पिशवी भरली की चाप लावतात, आणि मग मोठ्या पिशवीचा रस्ता मोकळा होतो. तंत्रज्ञ छोट्या पिशवीला एकेक काचनळी लावते. जांभळ्या टोपणाची, लाल टोपणाची, पुन्हा जांभळ्या टोपणाची. प्रत्येक नळी ती आठदहा वेळा हळूच उलटीसुलटी करते. मग एकाच क्रमांकाच्या पट्ट्या निघतात. एक मोठ्या पिशवीवर, एक प्रत्येक नळीवर, एक फॉर्मवर. ती तिन्ही ठिकाणचे आकडे मोठ्याने वाचते आणि दुसरी तंत्रज्ञ ऐकून मान हलवते. एवढ्या गजबजाटातही त्या दोघींचं हे वाचन थांबत नाही. इथे आकडा चुकला तर पुढची सगळी खबरदारी वाया.

पिशवी इथून घटक वेगळे करायच्या केंद्रात जाईल. नळ्या जातील चाचणीच्या प्रयोगशाळेत, आज रात्रीच. तिथे रक्ताचा द्रव भाग यंत्रात ओढला जातो. परजीवीची प्रथिनं लावलेल्या सूक्ष्म कणांशी तो मिसळतो. दात्याच्या शरीराने कधीकाळी या परजीवीविरुद्ध प्रतिपिंडं बनवली असतील तर ती त्या कणांना चिकटतात. मग एक रसायन घालतात आणि चिकटलेल्या प्रतिपिंडांच्या प्रमाणात प्रकाश उमटतो. यंत्र तो प्रकाश मोजतं. ठरलेल्या रेषेच्या वर गेला की त्याच नमुन्याची आणखी दोनदा तपासणी. त्यातली एक जरी वर गेली, तरी त्या दात्याच्या रक्तातला कुठलाच घटक कुणाला मिळत नाही. परजीवी शोधण्याऐवजी प्रतिपिंडं शोधायची, याला कारण आहे. जुन्या लागणीत परजीवी रक्तात इतका विरळ असतो की सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघूनही हाती लागत नाही. रक्त घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र तेवढाही पुरतो, खास करून त्याची प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर. रक्तपेढीच्या थंड कपाटातही हा परजीवी दोनतीन आठवडे तग धरतो. अमेरिकेत चाचणी येण्याआधी रक्तातून लागण झाल्याच्या ज्या मोजक्या नोंदी आहेत, त्यातल्या बहुतेक प्लेटलेट्समधून झालेल्या आहेत. प्लेटलेट्स लागतात त्या बऱ्याचदा कर्करोगाच्या रुग्णांना.

‘‘झालं?’’ मुलगा डोळे उघडून विचारतो.

‘‘अजून पाच मिनिटं. मूठ उघडमीट करत राहा.’’

* * *

खाण्याच्या टेबलावर आज एक ब्राझीलियन आजी आहेत. निवृत्त परिचारिका, मुलीकडे राहतात. रक्त देऊन आलेल्यांना त्या संत्र्याचा रस आणि बिस्किटं देतात, आणि पंधरा मिनिटं होईपर्यंत कुणालाही उठू देत नाहीत. चागासचा विषय निघालेला त्यांच्या कानावर गेला आहे. पोर्तुगीजमिश्रित स्पॅनिशमध्ये त्या सांगू लागतात.

‘‘मी नवीन होते तेव्हा आमच्याकडे रक्त जांभळं असायचं.’’

पुण्याचा मुलगा रसाचा पेला खाली ठेवतो. आजी हातवारे करत सांगतात. त्यांच्या भागात दात्यांमध्ये लागण इतकी होती की चाचणीचा भरवसा नसेल तिथे पिशवीत जेन्शियन व्हायोलेट घालायचे, जखमेला लावतात ते जांभळं औषध. चोवीस तास ती थंड कपाटात ठेवायची, तेवढ्यात परजीवी मरतो. ही युक्ती साव पाउलोतल्या संशोधकांनी 1950च्या दशकात शोधली होती. रक्त चढवलं की पेशंटचे ओठ आणि कातडी काही काळ जांभळट दिसायची. नातेवाईक घाबरायचे, मग त्यांना समजवावं लागायचं. ‘‘दिसायला वाईट होतं,’’ आजी म्हणतात, ‘‘पण माणूस घरी जायचा.’’

त्या काळी ब्राझीलमध्ये रक्त विकत मिळायचं. खेड्यांतून शहरात आलेले गरीब लोक चार पैशांसाठी रक्त द्यायचे, आणि हे लोक येत ते नेमके किड्यांच्या घरांतून. मग एड्स आला. हेन्फिल हे नावाजलेले व्यंगचित्रकार, त्यांचे भाऊ बेतिन्यो समाजकार्यकर्ते, तिसरा भाऊ शिकु मारियो संगीतकार. तिघांनाही हिमोफिलिया, तिघांनाही रक्तातून एचआयव्ही. हेन्फिल आणि शिकु मारियो 1988च्या सुरुवातीलाच गेले. बेतिन्योंनी रक्ताच्या बाजाराविरुद्ध आवाज उठवला, आणि त्याच वर्षी आलेल्या ब्राझीलच्या नव्या राज्यघटनेने रक्ताच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. एड्सच्या धक्क्याने रक्तपेढ्यांची घडी नव्याने बसली, आणि त्याच्याबरोबर चागासची तपासणीही घट्ट झाली. आजींच्या बोलण्यात त्या लोकांबद्दलचा अभिमान स्पष्ट ऐकू येतो. 1909 साली कार्लोस चागास यांनी मिनास जेराइसमधल्या लासान्स गावी, रेल्वेच्या कामावर मलेरियाचा बंदोबस्त करता करता हा आजार शोधला, हे त्या अशा सुरात सांगतात जणू ते त्यांच्याच गल्लीतले. बेरेनिसे नावाच्या लहान मुलीच्या रक्तात त्यांना परजीवी दिसला. एकाच माणसाने रोग शोधला, रोगजंतू शोधला आणि तो वाहून नेणारा किडाही शोधला, असं वैद्यकात क्वचितच घडलं आहे. आजी हे दोनदा सांगतात.

* * *

अकराच्या सुमाराला एक माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. पंचेचाळीसचा असेल. बागकामाचे बूट, गवताचे डाग पडलेली पँट. रांगेत तो उभा राहत नाही. खिशातून एक लिफाफा काढतो. घड्या घालून घालून त्यातला कागद कडांवर फाटायला आलाय.

‘‘मागच्या वर्षी इथेच रक्त दिलं होतं,’’ तो हळू आवाजात सांगतो. ‘‘मग हे आलं.’’

मी परिचारिकेला बोलावते. ती त्याला पडद्यामागे नेते. मी बाहेरच थांबते. पण तो वळून म्हणतो, ‘‘तुम्ही या. तुम्ही स्पॅनिश बोलता.’’ त्याची गोष्ट इथे लिहिण्याची परवानगी त्याने नंतर स्वतःहून दिली, नाव न घालण्याच्या अटीवर. त्याच्यासारखे आणखी असतील, त्यांना कळू दे, असं त्याचं म्हणणं.

तो एल साल्वादोरचा. कामावरच्या एका सोबत्याच्या मुलीला रक्त लागलं म्हणून सगळ्यांबरोबर त्यानेही दिलं. काही आठवड्यांनी पत्र आलं. दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह, यापुढे रक्त देता येणार नाही, आपल्या डॉक्टरांना भेटा. खाली माहितीचं एक पान.

‘‘भेटलात?’’

‘‘माझा डॉक्टर नाही.’’ तो वस्तीतल्या एका दवाखान्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी पत्र वाचलं, असा रोगी आपण कधी बघितला नाही म्हणाले आणि तब्येत बरी आहे ना, मग काळजी करू नका, असं सांगून परत पाठवलं. मग त्याने पत्र कपाटात ठेवलं. बायकोला दाखवलं नाही. ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द त्याच्या डोक्यात बसला होता. तेव्हापासून तो घरात वेगळ्या ताटात जेवतो, धाकट्या मुलीला कुशीत घेत नाही.

परिचारिका पत्र संपूर्ण वाचते. दुसऱ्या पानावरची ओळ पुन्हा वाचते. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते. ‘‘मी डॉक्टर नाही, म्हणून उपचाराबद्दल डॉक्टरच बोलतील. पण आत्ता तुम्हाला कळलंच पाहिजे अशा गोष्टी सांगते. एका ताटात जेवल्याने हा होत नाही. मिठी मारल्याने होत नाही. खोकल्याने होत नाही. आज घरी जाऊन मुलीला जवळ घ्या.’’

मी हे वाक्य स्पॅनिशमध्ये सांगते. तो काहीच बोलत नाही. दोन्ही तळहात चेहऱ्यावर घट्ट दाबून बसतो. परिचारिका घाई करत नाही.

मग ती विचारते, घर कसं होतं? कुडाचं, मातीने लिंपलेलं. किडे होते? होते, चिंचे पिकुदा म्हणतात आमच्याकडे. भावंडं किती? सहा. आई? आई बावन्नाव्या वर्षी गेली. शेतावरून येताना वाटेतच कोसळली. एवढं बोलून तो थांबतो, आणि आईच्या मरणाचा आणि या पत्राचा सांधा तो आत्ता पहिल्यांदाच जोडतोय, हे त्याच्या डोळ्यांत दिसतं. परिचारिका लगेच म्हणते, ‘‘तुमच्या आईला काय झालं होतं ते आज कुणी सांगू शकत नाही. पण तुमच्या भावंडांची तपासणी व्हायला हवी, हे मात्र नक्की.’’ बाधित आईकडून पोटातल्या बाळाला लागण होऊ शकते, शंभरात एक ते पाच बाळांना. बाळ लहान असताना उपचार झाले तर ते जवळपास हमखास बरं होतं. एकाच घरात वाढलेल्या भावंडांना किडा चावायची शक्यताही सारखीच. म्हणजे या कागदावर नाव एकाचं असलं तरी विषय अख्ख्या घराचा आहे.

तो विचारतो, औषध आहे का? आहे. बेन्झनिडाझोल नावाच्या गोळ्या, साधारण साठ दिवस. मोठ्या माणसांना त्या सोप्या जात नाहीत. अंगावर पुरळ उठतं, भूक जाते, कधी हातापायांना मुंग्या येतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात. आणि त्या वेळेवर घ्याव्या लागतात. हृदय आधीच खराब झालेल्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2015 साली आले. त्या टप्प्यावर औषधाने आजाराची पुढची वाटचाल थांबली नाही. लवकर शोधलं तरच औषधाला काम करायला जागा राहते. आधी ईसीजी, मग इको, आणि मग ठरवायचं.

‘‘चढावर मशीन ढकलताना छातीत धडधडतं,’’ तो म्हणतो. ‘‘मला वाटायचं, वय झालं.’’

परिचारिका हे कागदावर टिपून त्याच्या हाती देते. डॉक्टरांना हेच पहिल्यांदा सांगायचं. मग ती खाली एक नाव लिहिते. ऑलिव्ह व्ह्यू, सिल्मार. इथून गाडीने थोड्याच अंतरावर. काउंटीचं सरकारी रुग्णालय. तिथे डॉ. शीबा मेमंडी यांनी 2007 साली चागासचं केंद्र सुरू केलं, रक्तपेढ्यांनी चाचणी सुरू केली त्याच वर्षी. त्यांच्या चमूने अशाच वस्त्यांतल्या आरोग्य मेळाव्यांत लॅटिन अमेरिकेत जन्मलेल्या 4,755 लोकांचं रक्त तपासलं. 59 जण बाधित निघाले, म्हणजे शंभरात एकाहून थोडे जास्त. एल साल्वादोरच्या लोकांत हे प्रमाण शंभरात साडेतीनच्या आसपास होतं. हा आकडा मी त्याला स्पॅनिशमध्ये सांगते, आणि तो प्रथमच माझ्याकडे सरळ बघतो. आपण एकटे नाही, हे त्याला या आकड्यातून कळतं.

* * *

पडदा सरकवून आम्ही बाहेर येतो, तर दाराशी त्याचा धाकटा भाऊ उभा आहे. तोच त्याला घेऊन आलाय. आलोच आहोत तर रक्त देऊन टाकू, म्हणजे चाचणीही होईल, असा त्याचा बेत आहे. हातात फॉर्म आहे.

परिचारिका त्याला अडवते. नियम तिच्या मदतीला नाहीत. या भावाला आजार असल्याचं कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे कागदावर तो रक्त देऊ शकतो. तरीही ती ठामपणे सांगते, ‘‘स्वतःची तपासणी करून घ्यायला रक्तदान करू नका. चाळणी कितीही बारीक असली तरी तिच्यावर मुद्दाम भार टाकायचा नसतो. तुमची तपासणी दवाखान्यात होऊ दे. निर्धोक निघालात तर पुढच्या शिबिरात पहिली खुर्ची तुमची.’’ भाऊ फॉर्मकडे बघतो, थोरल्याकडे बघतो आणि फॉर्म परत करतो. देण्याची इच्छा असलेल्या माणसाला नको म्हणणं सोपं नसतं. परिचारिकेने ते त्याचा मान राखून केलं, हे मी आज शिकून घेते.

त्या दोघांना पुपुसा देऊन मी परत टेबलावर येते. रांग वाढली आहे. आज जमणारं रक्त निर्धास्तपणे चढवता येईल अशी व्यवस्था इथे आहे, आणि ती उभी करायला कितीतरी माणसांनी आयुष्यं घातली. घेणाऱ्याला कसलीही लागण होऊ नये यासाठी इतकी काटेकोर यंत्रणा. मग देणाऱ्याला त्याच्या आजाराची बातमी एका पाकिटातून कळते, आणि पुढचा रस्ता त्याने एकट्याने शोधायचा, हे कसं चालेल? नियमाप्रमाणे रक्तपेढीने दात्याला आठ आठवड्यांच्या आत कळवायचा प्रयत्न केला पाहिजे. कळवणं तिथेच संपतं. आजारी माणसाला शोधण्यासाठी ही चाचणी बसवली नव्हती, रक्त वाचवण्यासाठी बसवली होती, हे खरं. पण या देशात अडीच-तीन लाख लोकांना चागास असल्याचे अंदाज आहेत, आणि त्यांना शोधणारी दुसरी मोठी यंत्रणा नाही. ज्याला रक्तपेढीने शोधलं, त्याला हातातून निसटू देणं परवडणारं नाही.

म्हणून मला वाटतं, पत्राच्या खाली ‘डॉक्टरांना भेटा’ एवढीच ओळ असू नये. कुठल्या डॉक्टरांना, कुठल्या दिवशी, कुठल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला विचारायचं, हे तिथे लिहिलेलं असावं. पत्र गेल्यावर आठवड्याभरात कुणीतरी फोन करावा. बायको, मुलं, भावंडं यांच्या तपासणीची सोय त्याच फोनवर सांगावी. हे काम अवाढव्य नाही. बाधित निघणारे दाते थोडेच आहेत, आणि त्यांचा पत्ता रक्तपेढीकडे आहे.

आज शनिवार, केंद्र बंद. सोमवारी सकाळी मी त्या माणसाबरोबर फोनवर असेन, तारीख मिळेपर्यंत. दुसरी तारीख त्याच्या भावासाठी मागायची आहे. तिसरी बायकोसाठी आणि मुलीसाठी. बायकोही त्याच गावची आहे, हे त्याने जाता जाता सांगितलं.